शिबिर संपल्यानंतरचं काम : हृदयासाठी संस्था चालवणाऱ्यांसाठी

हृदयविकारावर काहीतरी करायचं असं मनात घेऊन जे लोक माझ्याकडे येतात, त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एक शिबिर असतं. रांग लागली आहे, यंत्रं चालू आहेत, शे-दोनशे लोकांचं बीपी मोजून झालं आहे. मी त्यांना एकच विचारते : यातल्या ज्याचा वरचा आकडा १७० निघाला, तो तीन महिन्यांनी कसा आहे हे तुम्हाला कळणार आहे का? कळणार असेल तर शिबिर जरूर घ्या. कळणार नसेल तर आधी ती व्यवस्था लावा, मंडप नंतर घाला.

माझी नोकरी हृदयरुग्ण विभागात परिचारिका म्हणून झाली, आणि नंतरची वर्षं एका लहान संस्थेत गेली. वॉर्डात झटका येऊन दाखल झालेल्या माणसाच्या घरच्यांना विचारायचो, आधी बीपी होतं का? उत्तर फार वेळा एकाच वळणाचं असायचं : ‘होतं, पण गोळ्या बंद केल्या होत्या. बरं वाटत होतं ना त्यांना.’ हा माणूस शिबिरात तपासलेला असतो, डॉक्टरांनी त्याला चिठ्ठी लिहून दिलेली असते, गोळ्या मिळालेल्या असतात. पुढे मात्र त्याच्याकडे कोणी फिरकलेलं नसतं. संस्थेने करायचं काम तिथे आहे, आणि ते करायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही.

आकडे पाहिले तरी तेच दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ साली जगात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसं हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी गेली. एकूण मृत्यूंपैकी ३२ टक्के. त्यातले ८५ टक्के हृदयविकाराच्या झटक्याने किंवा पक्षाघाताने. या दोन्हींच्या मागे सगळ्यांत मोठं कारण म्हणून उभा असतो तो वाढलेला रक्तदाब. २०१९च्याच अंदाजाप्रमाणे ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना तो होता, त्यातल्या ४६ टक्क्यांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं, आणि ज्यांचा आटोक्यात होता असे पाचांत एक. उरलेल्या चौघांपर्यंत पोचायला कुठलंही नवं औषध शोधावं लागणार नाही. औषधं जुनी आहेत, त्यांची परिणामकारकता सिद्ध झालेली आहे आणि बरीचशी स्वस्तही आहेत.

मोठ्या संस्था, लहान संस्था

अमेरिकन हार्ट असोसिएशन १९२४ साली सहा हृदयतज्ज्ञांनी काढली. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन १९६१ची. जिनिव्हातली वर्ल्ड हार्ट फेडरेशन देशोदेशीच्या अशा संस्थांना एकत्र बांधते. २९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन तिचाच. संशोधनाला पैसा उभा करणं, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं लिहिणं, सरकारांच्या मागे लागून कायदे करून घेणं, ही कामं त्या करतात. त्यांच्या संकेतस्थळांवरचं साहित्य मोकळेपणाने वापरा, तक्ते आणि पत्रकं नव्याने काढत बसू नका.

लहान संस्थेकडे त्यांच्याजवळ नसलेली एक गोष्ट असते : ती माणसाला नावाने ओळखते. म्हणून सुरुवातीला एकच काम निवडा, एकच वस्ती किंवा एकच कारखाना निवडा, आणि दोन वर्षं तिथून हलू नका. बीपी, मधुमेह, योग, आहार, रक्तदान, सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) असं सगळं एका पत्रकावर छापणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत; वर्षअखेरीस त्यांच्याकडे फोटो भरपूर असतात. मला विचाराल तर पहिलं काम रक्तदाबाचं घ्या. मोजता येतो, उपचार आहे, आणि केलेल्या कामाचा गुण आकड्यात दिसतो. वरचा आकडा ५ ने जरी उतरवला तरी झटका, पक्षाघात अशा मोठ्या दुखण्यांचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो, हे २०२१ साली अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून दाखवलं गेलं आहे.

मोजणं नीट शिकवा

इथे मी घाई करू देत नाही. चुकीचं मोजलेलं बीपी न मोजलेल्यापेक्षा वाईट, कारण त्यावर कोणाला तरी उगाच गोळी सुरू होते, किंवा गरज असलेला माणूस निर्धास्त होऊन घरी जातो.

यंत्र दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको. कोणतं मॉडेल तपासून प्रमाणित झालं आहे याची यादी स्ट्राइड बीपी ही ना-नफा संस्था ठेवते. विकत घेण्याआधी त्या यादीत पाहा. पट्टा किमान दोन मापांचा असू द्या. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा वीसपर्यंत फुगू शकतो. देणगीत आलेली यंत्रं तर आवर्जून तपासा, कारण देणाऱ्याला पट्ट्याच्या मापाची कल्पना नसते.

मग माणूस. त्याने अर्ध्या तासात चहा-कॉफी घेतलेली नको, तंबाखू-सिगरेट नको, जिना चढून धापा टाकत आलेला नको. लघवीला जाऊन येऊ द्या. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीला, एकावर एक नाही. दंड उघडा, शर्टाची बाही वर सरकवून तिचा घट्ट वळा होत असेल तर हात बाहेर काढायला सांगा. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीत. पाच मिनिटं शांत बसणं. मोजताना दोघांनीही बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा आणि जो हात जास्त दाखवेल तोच पुढे कायम धरा.

या पाच मिनिटांवर कार्यकर्ते कुरकुरतात. रांग वाढते, लोक घड्याळ बघतात. त्यावर आमचा उपाय साधा आहे : टेबलाआधी सहा खुर्च्यांची एक ओळ मांडायची. तिथे बसलेल्याचं नाव-पत्ता कागदावर घेऊन झालं की त्याला गप्प बसवायचं, आणि वाळूचं घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर त्याच्यासमोर ठेवायचा. पाच मिनिटं संपली की तो पुढे सरकतो. टेबलावरच्या कार्यकर्तीला मग थांबावं लागत नाही, आणि माणसालाही कळतं की इथे गंभीरपणे काहीतरी चाललं आहे.

आकडा १४०/९० किंवा वर आला म्हणून तिथल्या तिथे ‘तुम्हाला बीपी आहे’ असं सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा, पुन्हा जास्त आला तर डॉक्टरांकडे पाठवा. १८०/१२० किंवा वर आला तर पाच मिनिटांनी परत मोजा. तसाच असेल तर माणूस ठणठणीत दिसत असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांपुढे न्या. आणि त्यासोबत छातीत दुखणं, धाप, डोकं प्रचंड दुखणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचं बळ जाणं यातलं काही असेल तर वाट न बघता रुग्णवाहिका. हा कागद मोठ्या अक्षरात टेबलावर चिकटवून ठेवा. शिबिर सुरू होण्याआधी कोणत्या दवाखान्यात पाठवायचं आणि गाडी कोणाची, हे ठरलेलं हवं.

वही

सगळ्या कामाचा जीव वहीत आहे. संगणकावर ठेवा, मोबाइलवर ठेवा, माझी पसंती अजूनही जाड पुठ्ठ्याच्या वहीला आहे. पण रकाने नीट आखा. नाव, वय, फोन. दुसरा फोन, म्हणजे घरातल्या किंवा शेजारच्या कोणाचा तरी, कारण पहिला नंबर हमखास बदलतो. कोणत्या हातावर मोजलं. दोन्ही आकडे, तारखेसह. कोणत्या डॉक्टरांकडे जातो. गोळीचं नाव.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा रकाना : हातातल्या गोळ्या कोणत्या तारखेला संपतात.

बहुतेक संस्था ‘पुढची भेट’ लिहितात. ती तारीख संस्थेच्या सोयीची असते. गोळ्या संपायची तारीख मात्र त्या माणसाच्या घरातली असते. तीस गोळ्या आणल्या, रोज एक, तर एकतिसाव्या दिवशी पाकीट रिकामं. तो दिवस रविवार असेल, पगार व्हायचा असेल, दवाखाना लांब असेल, की पाच-सहा दिवस खाडा पडतो. त्या पाच-सहा दिवसांत त्याला काहीच होत नाही, आणि तिथेच त्याची खात्री पटते की गोळीवाचून चालतं. म्हणून आमच्या कार्यकर्त्या तारखेच्या चार दिवस आधी फोन करतात. फोनवर ‘गोळ्या घेताय ना?’ असं विचारत नाहीत, कारण त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. विचारतात : ‘पाकिटात किती उरल्यात, जरा मोजून सांगता का?’ चार उरायला हव्यात तिथे अकरा उरल्या असतील तर बोलणं आपोआप पुढे जातं.

वही ही दुसऱ्याच्या दुखण्याची नोंद आहे हेही विसरू नका. नोंद करण्याआधी माणसाची संमती घ्या, वही कुलपात ठेवा, आणि कोणाच्या आजाराची चर्चा दुसऱ्याच्या दारात होऊ देऊ नका. नोकरीच्या ठिकाणी काम करत असाल तर मालकाला एकत्रित संख्या द्या, नावं कदापि नाहीत.

गोळ्या का सुटतात

कंटाळा, खर्च, दुष्परिणाम, आणि बरं वाटणं. ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण प्रत्येक घरात कारण वेगळ्या तोंडाने येतं, ते तिथे जाऊनच कळतं.

एक गृहस्थ रात्रपाळीचे पहारेकरी होते. गोळी नियमित आणायचे, आकडा मात्र उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवायचा विचार केला. आमची कार्यकर्ती घरी गेली, पाकीट बघायला मागितलं, तर निम्म्या गोळ्या तशाच. पाकिटावर लिहिलं होतं ‘सकाळी एक’. हे सकाळी घरी येऊन सरळ झोपायचे आणि उठायचे दुपार टळल्यावर. सकाळ हुकली म्हणजे आजची गोळी हुकली, असं ते प्रामाणिकपणे समजत होते. डॉक्टरांना विचारून गोळी कामावर निघण्याआधीच्या जेवणाशी जोडली. डोस वाढवावा लागला नाही. बीपीची गोळी सकाळी घेतली की संध्याकाळी, याने झटक्या-पक्षाघाताच्या धोक्यात फरक पडत नाही, असं ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं आहे. वेळ लक्षात राहील अशी असली म्हणजे झालं. तरीही वेळ बदलायची ती डॉक्टरांना विचारूनच, कारण काही गोळ्यांनी लघवीला वारंवार जावं लागतं आणि रात्रीची झोप मोडते.

कार्यकर्त्याने गोळी द्यायची नाही, बदलायची नाही, ‘अर्धी घ्या’ असंही म्हणायचं नाही. पाय सुजले, कोरडा खोकला लागला, उठताना चक्कर आली, हे ऐकायचं, लिहायचं आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. बहुतेक दुष्परिणामांवर दुसरी गोळी असते. लोकांना ते माहीत नसतं. त्यांच्या लेखी या गोळीने त्रास होतो म्हणजे गोळ्यांनी त्रास होतो.

या तऱ्हेच्या कामाचा गुण येतो का, असं देणगीदार विचारतात. त्यांना दोन अभ्यास सांगा. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ग्रामीण भागांत ३० वस्त्यांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या घरोघर गेल्या, बीपी मोजलं, समजावलं, डॉक्टरांशी सांधा जोडून दिला. दोन वर्षांत वरचा आकडा नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरासरी ५ ने जास्त उतरला. दुसरा लॉस एंजेलिसमधला, २०१८चा. दवाखान्याकडे न फिरकणारे कृष्णवर्णीय पुरुष केशकर्तनालयात मात्र ठरल्या वेळी जातात, हे ओळखून ५२ केशकर्तनालयांत काम केलं. केस कापणाऱ्यांनी एका गटाला डॉक्टरांकडे जायला सुचवलं. दुसऱ्या गटासाठी औषधनिर्माते तिथेच येऊन डॉक्टरांच्या संमतीने औषध लिहून देत. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला, दुसऱ्याचा २७ ने. ‘डॉक्टरांकडे जा’ असं सांगण्यात आणि उपचार माणसापाशी नेण्यात किती अंतर आहे, ते या दोन आकड्यांत मोजून ठेवलेलं आहे. तुमच्या भागातले पुरुष न चुकता कुठे जातात ते आधी शोधा. बायका बहुधा घरी किंवा मुलांच्या शाळेपाशी भेटतात. पुरुष भेटत नाहीत, आणि झटका त्यांना लवकरच्या वयात येतो.

मीठ आणि तंबाखू

आहारावरचं व्याख्यान मी बंद केलं आहे. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन तेच करतात, कारण घरातला स्वयंपाक ज्याच्या हातात असतो तो माणूस व्याख्यानाला नसतो. रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक लहान चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे सांगायचं असेल तर चमचा हातात घेऊन, स्वयंपाकघरात, मिठाचा डबा समोर ठेवून सांगा. घरात महिन्याला किती मीठ येतं आणि माणसं किती, एवढा भागाकार त्यांच्याकडूनच करून घ्या. उत्तर ऐकून तेच चपापतात.

फिनलंडमधल्या नॉर्थ करेलियात हे फार पूर्वी झालं. तिथल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी होतं. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली तिथे प्रकल्प सुरू झाला. त्याचा जीव होता मार्था नावाची जुनी महिला संघटना. या बायकांनी गावोगाव संध्याकाळच्या बैठका भरवल्या, त्यांना दीर्घायुष्याच्या मेजवान्या म्हणत. कमी लोणी, कमी मीठ, जास्त भाज्या घालून नेहमीचेच पदार्थ तिथे शिजवायचे, सगळ्यांनी खायचे आणि मग बोलायचं. पुढच्या चार दशकांत तिथल्या कर्त्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. श्रेय एकट्या मेजवान्यांचं नाही. तंबाखूवर निर्बंध, दूध-मांस उद्योगातले बदल, उपचार, सगळं त्यात आहे. पण घरच्या चुलीपर्यंत पोचण्याचं काम त्या बायकांनी केलं.

पर्यायी मीठ, म्हणजे ज्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं, त्याबद्दलही विचारलं जातं. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि काही ठरावीक औषधं चालू असलेल्यांना हे मीठ धोक्याचं ठरू शकतं. म्हणून सरसकट पाकिटं वाटू नका, आधी डॉक्टरांना विचारायला लावा.

तंबाखूचं एकच वाक्य मी प्रत्येक घरी बोलते : सोडून वर्ष झालं की हृदयविकाराचा जादा धोका जवळपास निम्मा होतो. भीती घालण्यापेक्षा हे वाक्य कामाला येतं, कारण वर्ष ही मुदत माणसाला दिसते. आणि सोडणाऱ्याला पहिल्या आठवड्यात रोज कोणीतरी फोन करायला हवा.

सीपीआर

माणूस अचानक कोसळला, हलवून-हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके : रुग्णवाहिका बोलवायची, आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला लगेच सुरुवात करायची. प्रौढांमध्ये मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. एईडी हे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र जवळ असेल तर आणवायचं. ते स्वतः बोलून सूचना देतं. काहीच केलं नाही तर प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घसरते. सिॲटलमध्ये १९७२ पासून सामान्य नागरिकांना हे शिकवायला घेतलं आणि ते शहर हृदय बंद पडलेल्यांना वाचवण्यात आघाडीवर राहिलं.

शिकवताना एकच आग्रह धरा : प्रत्येकाने गुडघे टेकून पुतळ्यावर सलग दोन मिनिटं दाब द्यायचा. लोक पाहून ‘समजलं’ म्हणतात. दोन मिनिटं दाबल्यावर घाम फुटतो, हात भरून येतात, आणि मग दुसऱ्या माणसाने जागा का घ्यायची ते न सांगता कळतं. तासाभराच्या वर्गात बोलणं पंधरा मिनिटं, उरलेला वेळ पुतळे. वर्षभराने उजळणी, नाहीतर हात विसरतात.

मुलं, आणि झटक्यातून उठलेली माणसं

दाटीवाटीच्या, गरीब वस्तीत काम असेल तर संधिवाती हृदयरोग विसरू नका. लहानपणी जंतूंमुळे घसा दुखतो, त्यावर नीट उपचार होत नाहीत, पुढे ताप आणि सांधेदुखी येते, आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. एकदा हे झालेल्या मुलाला पुन्हा तसा ताप येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ते दुखतं. मूल टाळतं, आई कामाचा दिवस बुडतो म्हणून पुढे ढकलते. इथेही तीच वही, तोच तारखेचा रकाना, आणि दवाखान्यात त्या मुलासोबत बसायला एक ओळखीचा चेहरा. डॉक्टर आणि शाळा दोघांशी बोलून इंजेक्शनचा दिवस परीक्षेवर येणार नाही एवढं पाहिलं तरी खाडे कमी होतात.

झटक्यातून किंवा शस्त्रक्रियेतून उठलेल्यांचं मंडळ हा कमी खर्चाचा आणि फार गुणाचा उपक्रम आहे. बॉस्टनमध्ये डॉ. ड्वाइट हार्केन यांनी शस्त्रक्रिया केलेल्या काही रुग्णांनी १९५१ मध्ये मेंडेड हार्ट्स ही संस्था काढली. बरे झालेले रुग्ण नव्या रुग्णांना भेटायला जातात, आजही. घरी आलेल्या माणसाला विचारायचे प्रश्न डॉक्टरांपुढे तोंडातून निघत नाहीत : जिना चढू का, मूल उचलू का, जोडीदाराजवळ जायला भीती वाटते ते बरोबर आहे का, रात्री छातीत जरा काही झालं की झोप उडते ते किती दिवस. यांतून गेलेला माणूस शेजारी बसला की ते निघतात. अशा भेटकर्त्यांना एकच शिस्त लावा : स्वतःची औषधं दुसऱ्याला सुचवायची नाहीत. आणि ज्याचा चेहरा उतरलेला आहे, जो जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, त्याचं नाव डॉक्टरांना कळवायचं. झटक्यानंतरची उदासी खरी असते आणि तिच्यावरही उपचार आहेत.

पैसा

तंबाखू विकणाऱ्याचा पैसा घेऊ नका. मीठ, साखर आणि चरबीने भरलेले पाकीटबंद पदार्थ विकणाऱ्यांचाही घेऊ नका, रक्कम कितीही मोठी असो. उद्या पाकिटावर धोक्याची खूण छापायचा किंवा शाळेपाशी विक्री बंद करायचा प्रश्न येईल तेव्हा तुम्हाला तिथे उभं राहून बोलायचं आहे. औषध आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांकडून घ्यायचं असेल तर लेखी ठरवा, की कोणतं औषध किंवा यंत्र सुचवायचं यात त्यांचा शब्द चालणार नाही, आणि ती देणगी अहवालात उघड छापा.

खर्चाचा मोठा वाटा माणसांवर होऊ द्या. देणगीदाराला यंत्रावर नाव कोरायला आवडतं, कार्यकर्तीच्या मानधनाला कोणी नाव देत नाही. त्याला सरळ सांगा, की हे सगळं काम त्या बाईच्या फोनवर आणि तिच्या चपलांवर चालतं. दोन वर्षांचं मानधन हातात असल्याशिवाय नवी वस्ती घेऊ नका. वस्ती सोडायची वेळ आलीच तर वही बंद करून निघू नका. प्रत्येक नावासमोर पुढे कोण बघणार ते लिहा, ते डॉक्टर किंवा सरकारी आरोग्य केंद्र यांच्याशी बोला, आणि त्या माणसाला स्वतः जाऊन सांगा.

महिन्याची बैठक

अहवालात ‘किती तपासले’ हा आकडा शेवटी टाका. आधी लिहा : वाढलेला रक्तदाब किती जणांना निघाला, त्यातले किती डॉक्टरांपर्यंत पोचले, किती आजही गोळी घेत आहेत, आणि किती जणांचा १४०/९० च्या खाली आहे. चार आकडे, दर तीन महिन्यांनी, त्याच वस्तीचे. पहिल्या वर्षी शेवटचा आकडा लहान येईल. छापा. जे देणगीदार तो वाचून प्रश्न विचारतात तेच टिकतात.

बैठकीत मात्र आकड्यांवर वेळ घालवू नका, नावं वाचा. या महिन्यात ज्यांच्या गोळ्या संपून गेल्या आणि ज्यांच्याशी बोलणं झालं नाही, अशी नावं एकेक करून. प्रत्येक नावावर ‘कोण जाणार’ आणि ‘कधी’ हे तिथेच लिहायचं. फोन लागत नसेल तर शेजारी. शेजारी सांगत नसेल तर कामाची जागा. माणूस घर बदलून गेला असेल तर नवा पत्ता काढून तिथल्या दवाखान्याला चिठ्ठी. वारला असेल तर कशाने, ते घरी जाऊन विचारायचं आणि लिहायचं. एखाद्याने ‘मला नको, पुन्हा येऊ नका’ म्हटलं तर मान राखायचा. सहा महिन्यांनी एकदा, दुसऱ्या कार्यकर्त्याने, सहज विचारून बघायचं. यादी संपेपर्यंत बैठक उठत नाही.

पहिल्या महिन्यात एवढंच करा : एक वस्ती, दोन प्रमाणित यंत्रं, मोठा आणि मधला असे पट्टे, मोजायला शिकलेल्या तीन जणी, हो म्हणालेला एक डॉक्टर, आणि वही. मोजायला पहिल्या आठवड्यात सुरुवात करू नका. तो आठवडा त्या तिघींनी एकमेकींचं आणि घरच्यांचं बीपी मोजण्यात घालवावा, आणि तिघींचे आकडे जुळायला लागले की मगच दार वाजवावं.